मागची चाकं आणि पहिला पाऊस

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे.)



कमिटीने मला 'ज्येष्ठ नागरिक आणि गुंतवणूक' असा विषय दिला होता. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा तो विषय साहजिकच माझ्या गळ्यात. पण त्यावर मी गणेशोत्सवात दोनदा बोललो आहे आणि दोन्ही वेळा पुढच्या रांगेतली मंडळी डोळे मिटून ऐकत होती. म्हणून परवानगी काढून मी विषय बदलला. आज मी पावसात गाडी चालवण्याबद्दल बोलणार आहे. त्यातही ज्या गाडीला मागची चाकं ढकलतात, अशा गाडीबद्दल.

कारण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आपल्या गेटच्या उतारावर एका सभासदाची नवी कोरी गाडी चढता चढता मागून घसरली, आडवी झाली आणि बोअरच्या मोटारीच्या खोलीला जाऊन टेकली. तीन दिवस पाण्याची बोंब झाली. कोणाला लागलं नाही. उतारावर शेवाळ होतं, ते आता खरवडून काढलं आहे. पण दुसऱ्या दिवशी तो मुलगा मला म्हणाला, "काका, एवढी दणकट गाडी, ती घसरेलच कशी? हिला तर चारही चाकं ओढतात." मी म्हटलं, "बाळा, कागद आण." कागद पाहिले. चारही चाकं ओढत नव्हती, मागची दोनच. बाहेरून दोन्ही गाड्या एकसारख्या दिसतात, एवढीच त्याची चूक.

त्यानंतर मी एक उद्योग केला. एका रविवारी पार्किंगमध्ये फिरून मोजदाद केली. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, ईको, जानेवारी २०२३ पासून मिळते ती मागच्या चाकांवरची थार. या सगळ्यांचं इंजिन मागची चाकं फिरवतं. इनोव्हातली हायक्रॉस मात्र पुढच्या चाकांची. बाकीच्या बहुतेक छोट्या गाड्याही पुढच्याच. मालकांना विचारलं, "तुमची गाडी कुठल्या चाकांवर चालते?" निम्म्यांनी सांगितलं, "चारही." एका वहिनींनी सांगितलं, "ह्यांच्या मर्जीवर." त्यांचं उत्तर जास्त बरोबर होतं.

आता मला हे सांगायचा अधिकार काय? तर मी सात वर्षं स्पोर्ट्स कार चालवली आहे. हसू नका. १९८२ साली मी साडेअकरा हजारांना एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड घेतली. मद्रासला बनायची ती. चार दारांची, फिक्या निळ्या रंगाची. तरुण मंडळींनी पाहिलीही नसेल. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला उघडायचं, मगरीच्या जबड्यासारखं. इंजिन ९४८ सीसीचं. पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरायची, रिक्षा लाजावी अशी. आणि स्पोर्ट्स कार एवढ्यासाठी, की विलायतेत १९६२ साली याच हेराल्डची चासी कापून आखूड करून त्यावर स्पिटफायर नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार बनवली गेली. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्या हेराल्ड शर्यतीत पळायच्या. ही माहिती मी शाखेतल्या प्रत्येक माणसाला किमान चार वेळा सांगितली होती. कॅशियर मला 'रेसर साहेब' म्हणायचे, आणि त्यात आदर नव्हता.

त्या गाडीचं मागचं अंग मात्र वेगळं होतं. अँबॅसिडर, फियाट याही मागच्याच चाकांच्या, पण त्यांचा मागचा आस म्हणजे एक अखंड लोखंडी तुळई. हेराल्डला तसं नव्हतं. मधल्या डिफरन्शियलपासून दोन्हीकडे दोन दांडे, आणि ते बिजागरीसारखे वरखाली हलायचे. वरती आडवा एकच पाटा. वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला की मागची चाकं खालून आत दुमडल्यासारखी व्हायची आणि टायर आपल्या कडेवर उभा राहायचा. कडेवर उभा टायर रस्ता किती धरणार? पुढे १९७२ च्या सुमारास याच कारखान्याने गॅझेल काढली, तिला सरळ अखंड आस बसवला. पण मला हे सगळं गाडी घेतल्यावर चार वर्षांनी कळलं. कसं कळलं ते सांगतो.

१९८६ चा जून. आम्ही नारायणगावहून येत होतो. मी, आमच्या सौ., आणि मागच्या सीटवर आठ वर्षांचा चिरंजीव. डोळासणे मागे पडलं आणि चंदनापुरी घाट उतरायला लागलो. आताचा नव्हे, जुना घाट, वळणावळणांचा. चौपदरी रस्ता झाल्यावर ज्यांनी गाडी शिकली त्यांना त्या घाटाची कल्पना यायची नाही. पाच-दहा मिनिटांपूर्वीच पहिला शिडकावा झालेला. मातीचा वास सुटलेला. सौ. म्हणाल्या, "काच खाली करा, छान वास येतोय." वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. एका वळणावर पुढे शेरडांचा कळप दिसला. मी काय केलं? तुम्ही जे कराल तेच. दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात उचलला, तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच सोडून दिला.

पुढचं सांगायला मला दोन मिनिटं लागतील, घडायला दोन सेकंद लागली. गाडीचं शेपूट उजवीकडे निघालं. मी ब्रेक दाबला. मग ते शेपूट पुढेच आलं. डोंगर, रस्ता, दरी, डोंगर असं सगळं काचेसमोरून गेलं आणि गाडी थांबली तेव्हा आमचं तोंड पुण्याकडे होतं आणि मागचं चाक कठड्याच्या पांढऱ्या दगडाला टेकलेलं होतं. दोन दगडांच्या मधून गेलो असतो तर आज गुंतवणुकीवरचं भाषण दुसऱ्या कोणाला तरी करावं लागलं असतं. शेरडं जागेवर उभी. गुराखी पोरगा तोंड उघडं टाकून बघतोय. सौ. काहीच बोलल्या नाहीत. आणि मागून आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, परत एकदा!"

त्याला ते जत्रेतल्या चक्रासारखं वाटलं होतं. माझे पाय असे लटपटत होते की उतरून दगडावर बसलो, तर मागून आलेल्या ट्रकवाल्याने विचारलं, "काका, चक्कर आली का?" माझं वय तेव्हा पस्तीस.

घरी आल्यावर रात्री सौ. एकच वाक्य बोलल्या, "अहो, गाडी विका." मी म्हटलं, टायर गुळगुळीत झाले असतील, उद्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी अकोले नाक्याजवळच्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टायर पाहिले, ब्रेक पाहिले, खाली वाकून पाटा पाहिला. मग हात पुसत मला विचारलं, "साहेब, पाय कोणी उचलला?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग गाडीला कशाला आणलंत? पायाला आणा."

माझ्या आजच्या भाषणाचा सगळा ऐवज त्या एका प्रश्नात आहे. गाडी घसरली ती चाळीसच्या वेगामुळे नव्हे. त्याच वेगाने, पाय तसाच हलका ठेवून, मी ते वळण पार केलं असतं. घसरली ती झटक्यामुळे. आणि गंमत अशी की भ्यायलेला माणूस पहिल्यांदा झटकाच देतो.

हे मला मिस्त्रींनी गॅरेजच्या भाषेत समजावलं. मी ते नंतर बँकेच्या भाषेत घातलं, ते असं. प्रत्येक टायरचं रस्त्यापाशी एक खातं असतं. त्यात पकड नावाची शिल्लक असते. कोरड्या डांबरावर समजा शंभर रुपये. ओल्या रस्त्यावर साठ. आणि पहिल्या पावसात, सहा-आठ महिन्यांची धूळ, सांडलेलं डिझेल, ऑइल, टायरांची भुकटी यांचा जो बुळबुळीत लेप वर येतो, त्यावर तीस धरा. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, कोणी पासबुक मागू नका. त्या शिल्लकीवर तीन चेक येतात: ओढण्याचा, थांबण्याचा आणि वळण्याचा. तिघांची बेरीज शिलकीच्या आत असेल तर सगळे वटतात. एका पैशाने वर गेली की कुठला एक चेक परत जात नाही, खातंच गोठतं. टायर घसरतो.

पुढच्या चाकांच्या गाडीत ओढायचं काम आणि वळायचं काम पुढच्याच खात्यावर. म्हणून ती घसरली तर बहुधा नाक सरळ जातं, वळण घेत नाही. माणूस घाबरून पाय काढतो, वेग उतरतो, नाक परत धरतं. म्हणजे घाबरटपणा तिथे कामी येतो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिने पुढच्या चाकांची सवय घरोघर लावली. इंजिनचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच, त्यामुळे चिखलातही बिचारी हलकी गाडी निघून जायची. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन पुढे आणि ढकलणारी चाकं मागे. आत दोघंच बसले असतील आणि डिकी रिकामी असेल तर मागच्या चाकांवर भार कमी. त्यात रेस जास्त दिली तरी मागचं खातं गोठतं, आणि झटक्यात रेस काढून खालचा गिअर टाकला तरी गोठतं. कारण इंजिन गाडीला अडवतं तेही मागच्या चाकांतूनच. वर पाय उचलला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. मी चंदनापुरीला एकाच क्षणी हे सगळे चेक फाडले होते.

मग करायचं काय? जे काही कराल ते हळू करा. हळू म्हणजे वेग कमी एवढंच नाही, ते तर आहेच. ओल्या रस्त्यावर थांबायला कोरड्यापेक्षा दीडपट ते दुप्पट जागा लागते, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर तेवढं वाढवा. पण मी म्हणतो ते हळू पायाचं आहे. वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच वेग उतरवा. गिअर वळणाच्या आधीच टाका. वळणात पाय हलकासा, एकसारखा ठेवा, वळण सरळ व्हायला लागलं की वाढवा. उतारावर खालचा गिअर हवाच, पण क्लच असा सोडा की शेजारी बसलेल्या माणसाच्या हातातला चहा हलू नये. मी पुढे खरोखरच ही सवय केली. डॅशबोर्डवर एक लिंबू ठेवायचो. लिंबू घरंगळलं की चूक माझी. सौ.ना लोकांनी विचारलं, नजरेसाठी ठेवलंय का? त्या म्हणायच्या, "हो, ह्यांचीच लागते."

आणि एवढं करूनही शेपूट निघालंच तर? जिकडे शेपूट जातंय तिकडेच स्टीअरिंग फिरवायचं, आणि गाडी सरळ व्हायला लागली की लगेच परत आणायचं, नाहीतर ती दुसरीकडे फेकते. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. रेस जास्त झाल्यामुळे घसरली असेल तर पाय अलगद हलका करा. मी केलं तसं पाय काढल्यामुळे किंवा गिअरमुळे घसरली असेल तर क्लच दाबा, म्हणजे मागची चाकं मोकळी फिरतील. आणि नजर कठड्याकडे नको, जिथे जायचंय त्या रस्त्याकडे ठेवा. हात नजरेच्या मागे जातात. नव्या गाड्यांना एबीएस असतं, बऱ्याच गाड्यांना घसरण आवरणारी यंत्रणाही असते. ती गुणी आहे, चालू ठेवा. त्या गाडीत आणीबाणी आली तर ब्रेक पंप करू नका, घट्ट दाबून धरा, आणि पाय थरथरला म्हणून सोडू नका. पण यंत्रणा आहे म्हणून शिल्लक वाढत नाही. ती कारकुनासारखी आहे, असलेली शिल्लक नीट वाटते.

गाडी मी विकली नाही. सौ. सहा महिने एसटीने फिरल्या. त्या काळात मी एक प्रयोग केला. गावाहून आलेलं बाजरीचं एक पोतं डिकीत ठेवून पाहिलं. गाडीची चाल लगेच बदलली. भार आल्यावर मागचा पाटा दबला, चाकं वरून किंचित आत झुकली आणि टायर पूर्ण बसायला लागला. मिस्त्री म्हणाले, शर्यतवाले पाटा मुद्दाम खाली करून घेतात, तुम्ही बाजरी घातलीत. त्या पावसाळ्यात ते पोतं डिकीतच राहिलं. शेवटी त्याला मोड आले, ती गोष्ट वेगळी. आजच्या गाड्यांना पोत्याची गरज नाही, आणि पिकअप रिकामी असते तेव्हा तिचं शेपूट हलकं असतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अती भार मागे टाकला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग हरवतं.

दोन वर्षांनी माझी राजूरला बदली झाली. संगमनेरकरांना पावसाची सवय नाही हे मला तिथे कळलं. आपल्याकडे पाऊस म्हणजे यायला हवा, आला की बरं वाटणारा. पण हीच प्रवरा वर गेली की भंडारदरा, रतनवाडी, घाटघर. तिथे तो कोकणासारखा कोसळतो. ऑगस्टमधल्या एका रात्री अकराच्या सुमाराला शाखेतल्या एका सहकाऱ्याने दार वाजवलं. बायकोला कळा सुरू झालेल्या, आठवा महिना, तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं की संगमनेरला न्या. गाडी गावात दोघांकडे, दुसरी बाहेरगावी. मी निघालो. मागे त्याची बायको आणि आई, पुढे तो.

अकोल्यापर्यंतचा तो रस्ता मी तीसच्या वर गेलो नाही. वायपर एकाच वेगाचा, त्याने पाणी पुसायच्या आत काच परत भरायची. निघण्याआधी काचेवर ओली तंबाखू चोळली होती, तेव्हा सगळेच चोळायचे, तेवढं बरं दिसत होतं. दर दोन-चार मैलांनी चालत्या गाडीत ब्रेक हलके दाबून वाळवत होतो, कारण ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलं की पाय दाबला तरी काही क्षण काहीच होत नाही. माझा सहकारी दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "साहेब, जरा जोरात." मी उत्तर देत नव्हतो. मागून बाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. माझा उजवा पाय दाबावा असं कोणीतरी मला आतून सांगत होतं, आणि तोच पाय चंदनापुरीला मी उचलला होता, हे दुसरं कोणीतरी सांगत होतं.

मग ओढ्यावरची फरशी आली. दिव्यांच्या उजेडात पाणी लालभडक, आणि फरशीच्या कडेचे पांढरे दगड दिसेनात. मी गाडी थांबवली. तो म्हणाला, "साहेब, एसटी जाते यातून." मी म्हटलं, "एसटी आठ-दहा टनांची आहे." आता शिकलेल्या माणसांना आकडे सांगतो: फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही नेतं. गाडी बुडत नाही, आधी तरंगते, आणि तरंगणाऱ्या गाडीला पुढची चाकं काय आणि मागची काय. तेव्हा हे आकडे मला माहीत नव्हते. दगड दिसत नाहीत एवढंच दिसत होतं. आम्ही चाळीस मिनिटं तिथे उभे राहिलो. तो खाली उतरून पावसात उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. म्हातारी आई मात्र म्हणाली, "असूं दे रे बाबा, पाणी कोणाचं नसतं." दगडांची टोकं दिसली, मग अर्धे दगड दिसले, मग फरशीच दिसायला लागली, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर, न थांबता पार झालो.

संगमनेरला पोचायला सव्वादोन तास लागले. पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली, दोघी सुखरूप. पेढे आले. पण त्याच्या मनातून ती चाळीस मिनिटं कधी गेली की नाही, मला माहीत नाही. पुढे वर्षभर आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो, तो विषय दोघांनीही काढला नाही. मीही कधी कधी विचार करतो, की उशीर झाला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं. तरी आजही ते दगड दिसेनात तर मी थांबेन.

आता गाडीच्या अंगाबद्दल थोडं, कारण पावसाळ्यात गाडी चालवण्यापेक्षा ती उभी असतानाच जास्त खराब होते. सगळ्यात आधी टायर. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेच टायर बाद, पण पावसासाठी मी तीनच्या खाली गेलं की बदला म्हणेन. खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या भरल्या की टायर रस्त्याला न टेकता पाण्यावर घसरत जातो आणि स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. आपल्या नव्या पुणे-नाशिक रस्त्यावर ऐंशी-नव्वदने जाताना हे होतं. झालं तर पाय अलगद काढा, बाकी काही करू नका. क्रूझ कंट्रोल पावसात बंद. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष; खाच असली तरी सात-आठ वर्षांचं रबर लाकूड झालेलं असतं. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांची असो की मागच्या. दुकानदार पुढे बसवा म्हणेल, ऐकू नका. पुढचं घसरलं तर कळतं, मागचं घसरलं की कळेपर्यंत तोंड पुण्याकडे झालेलं असतं.

हेराल्डची चासी कडेच्या पट्ट्यांपासून गंजायची. आम्ही पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायचो. ते आता करू नका, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि बुशा फुगतात, आणि पहिल्या पावसात तेच ऑइल रस्त्यावर येतं, ज्याच्या नावाने मी मघापासून ओरडतोय. साध्या पाण्याचा फवारा मडगार्डच्या आतून मारा, काळी माती तिथे थापली की उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. आणि सोसायटीत गाड्यांवर जी निळी ताडपत्री दिसते ती काढा. आत हवा खेळत नाही, ओल कोंडते, रंगावर फोड येतात आणि उंदरांना आयतं घर मिळतं. सी विंगमधल्या दोघांचं वायरिंग त्यांनीच खाल्लं आहे. झाकायचीच असेल तर हवा जाणारं कापडी कव्हर घ्या, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा. चालू गाडीत पावसात चारही इंडिकेटर लावायची नवी फॅशन आलीय, ती कृपा करून सोडा. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय हेच कळत नाही. हेडलाइट लावा, लो बीम. तेवढं पुरतं.

चंदनापुरीला 'परत एकदा' म्हणणारा तो मुलगा आता अमेरिकेत मिशिगनला असतो. त्याने तिकडे मस्टँग घेतली आहे, मागच्या चाकांची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. हेराल्डवरून बापाने एवढी हवा केली, तर मुलगा काय घेणार? तिकडे पावसाऐवजी बर्फ. थंडीत सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, पकड जाते, म्हणून नोव्हेंबरात टायरच बदलतात. रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं, म्हणून खालून धुतात. बरेच लोक अशी गाडी मार्चपर्यंत गॅरेजमध्येच ठेवतात. हा ठेवत नाही. पहिल्या वर्षी त्याने फोन करून विचारलं, "बाबा, डिकीत वाळूची पोती टाकू का, इथले लोक टाकतात." मी म्हटलं, बाजरी मिळत असेल तर बघ. आधी टायर घे, पोतं नंतर, आणि टाकलंस तर बांधून टाक. मग रिकाम्या पार्किंगमध्ये, बर्फावर, अगदी हळू वेगात गाडी मुद्दाम घसरवून पाहा, म्हणजे हाताला कळेल. त्याने ते केलं आणि व्हिडिओ पाठवला. सौ.नी तो पाहिला नाही. मी सहा वेळा पाहिला.

आपल्याला बर्फ नाही, पण मोकळी जागा आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी खाली पार्किंगमध्ये असेन, खाच मोजायची पट्टी आणि हवा मोजायचं मीटर घेऊन. प्रत्येकाने स्टेपनी काढून ठेवा, तिच्यात हवा नसणार हे मी आत्ताच सांगतो. ज्यांना गाडी कुठल्या चाकांची हे माहीत नाही त्यांनी कागद घेऊन या. ती गेटच्या उतारावर घसरलेली गाडीही येणार आहे, तिच्या मालकाने आणि मी मिळून तो उतार ओला करून चढायचं ठरवलं आहे. बोअरच्या खोलीसमोर आधी जुने टायर लावून घेऊ. पोहे सेक्रेटरींकडून.